नवीन कोरल जगवताना: पिशवी बांधल्यापासून पहिल्या सहा आठवड्यांपर्यंत

दुकानात पूर्ण उमललेलं कोरल (प्रवाळ) घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये दोन-तीन दिवस बरं दिसतं, मग मिटतं, फिकट होतं, आणि आपण औषध शोधायला लागतो. बहुतेक वेळा तो औषधाने सुटणारा प्रश्नच नसतो. दुकानातून घरी येईपर्यंतच्या काही तासांत त्या जिवाचा प्रकाश, तापमान, क्षारता (मिठाचं प्रमाण), अल्कलिनिटी (आम्ल पचवून पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) आणि पाण्याचा प्रवाह असं सगळं एकाच वेळी बदललेलं असतं. कोरलच्या ऊतींमध्ये एकपेशीय शैवाल राहतं आणि त्याने प्रकाशातून बनवलेल्या अन्नावर कोरलची बरीचशी गुजराण होते. ताण वाढला की ही भागीदारी तुटते, शैवाल बाहेर टाकलं जातं आणि कोरल पांढरं पडतं. म्हणून पहिल्या सहा आठवड्यांत आपल्या हातात मुख्यतः एकच काम असतं: बदलाचा वेग कमी ठेवणं. खाली जे सांगतो आहे ते सगळं त्यासाठीच आहे.

सुरुवात कायद्यापासून करतो, कारण महाराष्ट्रात हा छंद करणाऱ्यांपैकी अनेकांना तो ठाऊक नसतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे येतात. वाघाला जे संरक्षण आहे, तेच यांना. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० साली वरळी आणि हाजी अलीजवळच्या प्रवाळांच्या मोजक्या वसाहती हलवायच्या होत्या, तर महापालिकेलाही वनविभागाची परवानगी घ्यावी लागली. तेव्हा मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं किंवा आंग्रिया बँकेवरचं काहीही कुणी 'ताजा माल' म्हणून देऊ केलं तर घेऊ नका, तुटून किनाऱ्याला लागलेला तुकडाही उचलू नका. म्हणून या लेखाचा भर झोअँथिड, मशरूम आणि लेदर या मऊ प्रकारांवर आहे. तेही पक्कं बिल आणि आयातीची कागदपत्रं दाखवणाऱ्याकडूनच घ्या, आणि शंका वाटली तर आधी वनविभागात विचारा. अमेरिका, युरोप किंवा आखातात राहणाऱ्या वाचकांना टँकमध्येच वाढवलेले कठीण कोरलचे फ्रॅग, म्हणजे कापून वाढवलेले छोटे तुकडे, कायदेशीर मिळू शकतात. त्यांच्यासाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

टँक तयार आहे का?

सायकल (नव्या टँकमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वाढण्याचा काळ) पूर्ण झाली, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, एवढ्याने टँक कोरलसाठी तयार होत नाही. मऊ कोरलसाठी किमान तीन महिने थांबा. तपकिरी डायटमचा थर येऊन गेलेला असावा आणि दगडांवर जांभळट कोरलाइन शैवालाचे ठिपके दिसायला लागलेले असावेत.

पाण्याचे आकडे असे असावेत: क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६, तापमान २५ ते २६.५ अंश, अल्कलिनिटी ७.५ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक); कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग); मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम; नायट्रेट ५ ते १५ पीपीएम; फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. शेवटचे दोन आकडे मुद्दाम पुन्हा वाचा. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणणं म्हणजे स्वच्छता, असा समज अजून आहे. प्रत्यक्षात अशा पाण्यात मऊ कोरल उपाशी राहतात, फिकट होतात आणि डायनोफ्लॅजेलेटचा चिकट तपकिरी थर यायला वाव मिळतो. यातला प्रत्येक आकडा अगदी नेमका असण्यापेक्षा तो रोज तोच असणं महत्त्वाचं आहे. अल्कलिनिटी ८ असो वा ९, कोरल चालवून घेतं. सोमवारी ७.५ आणि बुधवारी १० झाली तर मात्र त्रास होतो.

क्षारता मोजायला काट्याचा प्लॅस्टिक हायड्रोमीटर वापरू नका, रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वाकण्यावरून क्षारता दाखवणारं उपकरण) घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवा. साध्या आरओ पाण्यावर शून्य जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर समुद्राच्या क्षारतेवर एक-दोन अंक चुकीचा दाखवू शकतो.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. चालणार नाही. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं किंवा खनिजं घातलेली असतात. टीडीएस (विरघळलेले पदार्थ) मोजणारा मीटर लावून पाहिलात तर ५०-६० किंवा त्याहून जास्त आकडा सहज दिसतो. टँकसाठी डीआय रेझिन (आरओनंतर उरलेले क्षार शोषणारे दाणे) असलेलं वेगळं आरओडीआय युनिट हवं आणि त्यातून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य हवा. पुण्या-नगरकडच्या बोअरवेलचं पाणी खूप जड असतं, तिथे रेझिन लवकर संपतं. मीटर १-२ दाखवायला लागला की ते बदला.

दुकानात काय बघायचं

कोरल उघडलेलं आहे एवढ्यावर समाधान मानू नका. फ्रॅग हातात घेऊन उलटा करायला सांगा. प्लगच्या, म्हणजे फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो त्या छोट्या बैठकीच्या, खालच्या बाजूला बुडबुड्यांसारखं हिरवं शैवाल, काचेसारखे पारदर्शक छोटे अनेमोन म्हणजे आयप्टेशिया, किंवा नळीसारख्या कवचातले व्हर्मेटिड गोगलगाय दिसले तर एकतर सोडून द्या, किंवा प्लग काढून टाकायच्या तयारीने घ्या. ताजा कापलेला फ्रॅग घेऊ नका. कापलेली कड भरून आली आहे आणि ऊतक प्लगवर पसरायला लागलं आहे, असा तुकडा प्रवास चांगला सोसतो.

दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: पाण्याची क्षारता किती, हा तुकडा दिव्याखाली किती खोल ठेवला होता, आणि या पाण्यात माशांसाठी तांब्याचं औषध कधी वापरलं होतं का. तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं किंवा गोलमाल आलं तर त्या टँकमधून काहीही घेऊ नका.

प्रवासासाठी थर्माकोलचा डबा न्या. मे महिन्यात मुंबई-पुणे रस्त्यावर बंद गाडीत ठेवलेली पिशवी पाहता पाहता ३५ अंशांवर जाते. पिशव्या डब्यात उभ्या, एकमेकींना टेकवून ठेवा. बर्फ घालू नका, एसी पुरे आहे.

घरी आल्यावरचा पहिला तास

टँकचे दिवे बंद करा किंवा अगदी मंद निळे ठेवा. न उघडलेली पिशवी पाण्यावर १५-२० मिनिटं तरंगू द्या, म्हणजे तापमान जुळेल. मग पिशवीतल्या पाण्याची क्षारता मोजा. फरक १ पीपीटीच्या आत असेल तर ठिबक-ठिबक पाणी मिसळत बसायची गरज नाही. जास्त असेल तर एका भांड्यात कोरल पिशवीतल्या पाण्यासह ठेवा आणि टँकचं पाणी थोडं थोडं घालत अर्ध्या तासात जुळवा. दोन-दोन तास ठिबक चालू ठेवणं इथे फायद्याचं नाही. भांड्यातल्या पाण्याचं तापमान तोवर बदलतं. शिवाय पिशवी उघडल्यावर साठलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वाढतो आणि त्या पाण्यातल्या अमोनियाचं विष वाढतं.

आता डिप, म्हणजे किडे काढण्यासाठी औषधाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवणं. हे टाळू नका. बाहेरून आलेल्या प्रत्येक तुकड्याला डिप द्यायचाच, दुकान कितीही चांगलं असो. टँकचंच पाणी दोन स्वच्छ भांड्यांत घ्या. एकात डिपचं औषध बाटलीवरच्या प्रमाणात घाला, दुसरं धुण्यासाठी ठेवा. पाच ते दहा मिनिटं मोठ्या सिरिंजने किंवा बास्टरने कोरलवर हलका प्रवाह मारत राहा. झोअँथिडमधून त्यांच्याच रंगाचे न्यूडीब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी) आणि समुद्री कोळी सुटून तळाशी पडतात. पांढऱ्या भांड्यात केलं तर ते लगेच दिसतात. मग दुसऱ्या भांड्यात धुवा. डिपने किडे मरतात, त्यांची अंडी मरत नाहीत. देठांच्या मधोमध बारीक गुंडाळी किंवा दाण्यांचा पुंजका दिसला तर तो चिमट्याने काढा, आणि आठवड्याने पुन्हा डिप द्या. पिशवीचं आणि डिपचं पाणी टँकमध्ये टाकायचं नाही.

इथे थांबून एक गंभीर गोष्ट सांगायला हवी. झोअँथिड आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआ या गटात पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत तीव्र विष असू शकतं. हातावरच्या कापातून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून किंवा वाफेतून ते शरीरात जातं आणि माणसाला रुग्णालयात न्यावं लागतं. त्यामुळे हातमोजे आणि गॉगल घालूनच काम करा आणि मुलांना, कुत्र्या-मांजरांना त्या खोलीत येऊ देऊ नका. झोअँथिड लागलेला दगड कधीही उकळू नका आणि गरम पाण्याखाली घासू नका. स्वयंपाकाची भांडी, चाकू, सिंक यासाठी वापरू नका. काम झाल्यावर चक्कर, तोंडात धातूसारखी चव, छातीत जडपणा असं काही वाटलं तर थेट रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द सांगा.

शक्य असेल तर नवीन तुकडे आधी चार ते सहा आठवडे वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवा. दहा गॅलनचा टँक, हीटर, छोटा वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह तयार करणारा पंप) आणि साधा दिवा एवढं पुरतं. जागा किंवा पैसे नसतील तर निदान डिप नीट द्या आणि प्लग काढून टाका. बहुतेक अंडी आणि नको ते शैवाल प्लगवरूनच येतं.

प्रकाश: इथेच सर्वात जास्त कोरल जातात

नवीन कोरल सगळ्यांना नीट दिसावं म्हणून ते मध्यभागी, दिव्याखाली, दगडाच्या टोकावर ठेवलं जातं. त्याच जागी ते मरतं. दुकानातले फ्रॅग बहुधा मंद निळ्या प्रकाशात असतात. ऊतीतलं शैवाल कमी प्रकाशाला सरावलं की प्रकाश पकडणारी रंगद्रव्यं वाढवतं. अशा कोरलवर एकदम तीव्र प्रकाश पडला तर ते शैवाल पेलू शकेल त्याहून जास्त ऊर्जा पकडतं आणि ऊतीत ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात. पाणी त्यातच गरम असेल तर ब्लीचिंग (वर सांगितलेलं पांढरं पडणं) आणखी लवकर होतं. उलट, प्रकाश थोडा कमी पडला तर कोरल काही आठवडे तपकिरी होतं, लांबट होतं, पण जगतं. त्यामुळे शंका असेल तेव्हा कमी प्रकाशाच्या बाजूने चुका.

अंदाजासाठी पीएआरचे, म्हणजे शैवालाला अन्न बनवायला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे, आकडे देतो. मशरूमला ३० ते ८०, झोअँथिडला ७० ते १५०, लेदरला ८० ते १५० पुरेसे असतात. मीटर महाग आहे, पण छंदातल्या चार जणांनी मिळून घेतला तर परवडतो. मोबाइलच्या अ‍ॅपवर विसंबू नका, निळ्या एलईडीखाली ती फार चुकतात.

पहिले सात ते दहा दिवस नवीन तुकडा वाळूवर, कडेच्या सावलीच्या बाजूला ठेवा. मग दर चार-पाच दिवसांनी एक पायरी वर. सारखं हलवणंही त्रासदायक असतं, म्हणून दोन किंवा तीनच टप्पे ठरवा. जागा हलवायची नसेल तर खिडकीला लावतात ती नायलॉनची डासांची जाळी घ्या. तिचे तीन-चार थर कोरलच्या वर, दिव्याखाली पसरा आणि दर चार दिवसांनी एक थर काढा. धातूची जाळी मात्र नको. दिव्याचीच तीव्रता कमी करायची तर ४०-५० टक्क्यांवर आणून दर आठवड्याला पाच-दहा टक्के वाढवता येते. जुन्या कोरलना मात्र या काळात थोडा कमी प्रकाश मिळेल, हे गृहीत धरा.

पश्चिमेच्या खिडकीतून टँकवर ऊन येत असेल तर पडदा लावा. ते ऊन प्रकाश आणि तापमान दोन्ही बिघडवतं.

प्रवाह आणि जागा

मशरूमला संथ पाणी हवं, झोअँथिडला मध्यम, लेदरला मध्यम ते जोरकस. कुणावरही वेव्हमेकरची सरळ धार पडता कामा नये. पॉलिप एकाच दिशेला आडवे पडून राहिले तर प्रवाह जास्त आहे. अंगावर गाळ साठत असेल तर कमी आहे.

झोअँथिड आणि लेदरचे फ्रॅग जेलच्या सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाने आणि खाली अ‍ॅक्वेरियम पुट्टीचा गोळा देऊन चिकटतात. पातळ गोंद पाण्यात पसरतो, तो घेऊ नका. मशरूम मात्र गोंदाने चिकटत नाही, ते चिकट स्राव सोडून निसटतं. ते छोट्या वाटीत दगडाच्या खड्यांवर ठेवा, वर सुटी जाळी बांधा आणि शांत कोपऱ्यात एक-दोन आठवडे ठेवा. ते स्वतः खड्याला धरतं, मग तो खडा चिकटवा. झेनियासारखं भराभर पसरणारं काही आणलंत तर ते मुख्य दगडावर न ठेवता वाळूवरच्या सुट्या दगडावर ठेवा.

पहिले दिवस: काय नॉर्मल, काय नाही

लेदर, विशेषतः सार्कोफायटन, आठ-दहा दिवस मिटून राहू शकतं. त्यावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो आणि गळून पडतो. हे आजारपण नाही. प्रवाह थोडा वाढवा, म्हणजे पापुद्रा निघून जाईल. लेदर आपल्या संरक्षणासाठी पाण्यात रसायनंही सोडतं, त्यामुळे नवीन लेदर आलं की अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन चालू ठेवा आणि दर तीन-चार आठवड्यांनी बदला.

झोअँथिड दोन-तीन दिवस मिटून राहणं ठीक आहे. पाचव्या दिवशीही मिटलेलेच असतील तर रात्री दिवे गेल्यावर तासाभराने लाल टॉर्चने बघा. कुरतडणारा किडा तेव्हा सापडतो. देठ लांब ताणले असतील तर प्रकाश कमी पडतो आहे. मशरूम आकसलं, कडा आत वळल्या आणि रंग उडाला तर प्रकाश जास्त होतो आहे.

मशरूम वितळतं तेव्हा वाट पाहू नका. ते पातळ, पांढरट, दुर्गंधीयुक्त होतं. ताबडतोब पाइपने ओढून काढा, १५-२० टक्के पाणी बदला, कार्बन नवा घाला. लेदरच्या देठात काळपट मऊ जागा दिसली तर निरोगी भागापर्यंत नव्या ब्लेडने कापा, आयोडीनचा डिप द्या आणि उरलेला तुकडा संथ पाण्यात ठेवा. मऊ कोरल अशा कापण्यातून चांगले सावरतात.

पहिला आठवडाभर खायला घालू नका. मिटलेलं कोरल खात नाही, अन्न कुजतं. नंतर आठवड्यातून एकदा बारीक प्लवक अन्न पुरे.

खोलीतली हवाही टँकचाच भाग आहे

प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) खोलीतली हवा ओढून पाण्यात घुसळतो. त्यामुळे डासांची अगरबत्ती, विजेच्या प्लगला लावायचं डासांचं लिक्विड, झुरळांचा स्प्रे, पेस्ट कंट्रोल आणि दिवाळीआधीचा घराचा रंग यातलं काहीही थेट टँकमध्ये जातं. डासांच्या औषधांतली पायरेथ्रॉइड रसायनं पाण्यातल्या अपृष्ठवंशीय जिवांना अत्यंत विषारी असतात. टँकच्या खोलीत ती वापरू नका, खिडकीला जाळी लावा. स्किमरच्या हवेची नळी खिडकीबाहेर काढली तर उत्तम. हात घालण्यापूर्वी फक्त पाण्याने खळखळून धुवा. साबण, मॉइश्चरायझर, ओडोमॉस अंगावर असताना हात घालू नये.

उन्हाळा आणि वीज

सम्पवर (मुख्य टँकखालच्या फिल्टरच्या टाकीवर) फुंकणारा पंखा पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरवतो. मुंबई-कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर हवा आधीच दमट असते, तिथे तोच पंखा फारसं काही करत नाही. तिथे चिलर लागतोच, आणि त्याची गरम हवा कॅबिनेटबाहेर जायला हवी. पंख्याने बाष्पीभवन वाढतं, मीठ मात्र मागे राहतं, म्हणून भर घालताना साधं आरओडीआय पाणी घाला, खारं नाही. शक्यतो ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं उपकरण) बसवा. नवीन कोरल मार्चनंतर आणण्यापेक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आणावं, असं माझं ठाम मत आहे.

वीज गेली तर दिव्याची काळजी करू नका, कोरल दोन दिवस अंधारात राहू शकतं. इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर आणि मग रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर टँकमध्ये नेणारा) जोडा. हलतं पाणी म्हणजे ऑक्सिजन. बॅटरीवरचा एअर पंप नेहमी चार्ज करून ठेवा.

परदेशातल्या वाचकांसाठी, कठीण कोरलबद्दल

टँक आठ-दहा महिन्यांचा होईपर्यंत अ‍ॅक्रोपोरा आणू नका. सुरुवात युफिलियाने, म्हणजे हॅमर किंवा फ्रॉगस्पॉनने करा. टॉर्च नावाचं कोरल त्यांना डसतं, म्हणून ते दूर ठेवा. गॅलॅक्सिया या कठीण कोरलच्या, शेजाऱ्यांना डसणाऱ्या लांब झाडू-स्पर्शिका २० सेंटिमीटरपर्यंत आणि त्याहूनही लांब पोहोचतात. अल्कलिनिटी रोज एकाच वेळी मोजा, दिवसाला ०.५ डीकेएचपेक्षा जास्त हलू देऊ नका. काही रीफ सॉल्टची अल्कलिनिटी ११-१२ असते. अशा मिठाचं ३० टक्के पाणी एकदम बदललं तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. अ‍ॅक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या कृमींची अंडी फांदीच्या बुडाशी तपकिरी ठिपक्यांसारखी दिसतात. ती खरवडा आणि चार-सहा आठवडे दर आठवड्याला डिप द्या. युफिलियावर तपकिरी जेली दिसली तर ते डोकं (फांदीच्या टोकाचं पॉलिप) त्याच दिवशी टँकबाहेर काढा, ती शेजाऱ्यांपर्यंत लवकर पसरते. अ‍ॅक्रोपोराचं ऊतक बुडापासून सोलत वर येत असेल तर त्या रेषेच्या बरंच वर, जिवंत भागात कापा.

पुढचं कोरल कधी

या सहा आठवड्यांत तापमान आणि क्षारता रोज, अल्कलिनिटी आठवड्यातून दोनदा, नायट्रेट-फॉस्फेट आठवड्यातून एकदा मोजून वहीत लिहा. दर रविवारी त्याच जागेवरून, त्याच दिव्यात एक फोटो काढा. रोज बघणाऱ्या डोळ्यांना हळूहळू येणारा फिकटपणा दिसत नाही, फोटोत दिसतो. झोअँथिडच्या बुडाशी नवं पॉलिप आलं, मशरूमने खडा घट्ट धरला, लेदरचा देठ दगडावर पसरायला लागला की तो तुकडा स्थिरावला. दुसरा तुकडा त्यानंतरच आणा, एका वेळी दोनपेक्षा जास्त नको, आणि त्यालाही डिपपासून वाळूवरच्या सावलीपर्यंत याच क्रमाने न्या.